लॅब्राडोर कुत्र्याचं वजन उतरवायचंय? आधी किचनमधला काटा काढा

आमचा बंड्या, सात वर्षांचा लॅब, दिवाळीनंतर व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, काट्यावर उभा केला तर 38 किलो. व्हेट म्हणाले 30 हवं. घरी येऊन विचारलं कोण कोण काय देतं याला, तर सगळ्यांचं एकच, "मी? मी कुठे काय देतो!" आणि हे म्हणताना बाबांचा हात टेबलाखाली, हातात चहात बुडवलेलं बिस्किट.

तर पहिलं काम, कुत्रा खरंच जाड आहे का ते बघा. छातीवर हलका हात फिरवला की फासळ्या लागायला हव्यात, दाबून शोधाव्या लागल्या तर चरबी आहे. वरून पाहिलं की कंबर दिसायला हवी, आमच्याकडे सरळ पिंप होतं. व्हेटकडे एकदा दाखवाच, कारण कधी कधी थायरॉइड निघतो आणि मग नुसतं खाणं कमी करून काही होत नाही.

आता गणित, घाबरू नका, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. आत्ताचं वजन घ्यायचं नाही, जे व्हायला हवं ते घ्यायचं. 30 गुणिले 30 गुणिले 30, मग वर्गमूळाचं बटण दोनदा, येतात 12.8, त्याला 70 ने गुणा, साधारण 900 कॅलरी. हा झाला दिवसाचा कोटा, सुरुवातीला एवढाच धरतात, आणि यातच सगळं बसवायचं, वरचं चरणंसुद्धा.

वरच्या खाऊला जास्तीत जास्त दहा टक्के, म्हणजे 90 कॅलरी. एक मध्यम चपाती तूप न लावता शंभरच्या आसपास जाते, म्हणजे आजीने प्रेमाने एक पोळी टाकली की संपलाच कोटा! उरलेल्या 810 चं जेवण. डॉगफूडच्या पाकिटावर 100 ग्रॅमला किती कॅलरी ते लिहिलेलं असतं, 360 असेल तर 225 ग्रॅम झाले, ते काट्यावर मोजा, वाटीने नको, वाटी दर वेळी "थोडीशी" वरपर्यंत भरते.

नेहमीचंच खाणं निम्मं करून टाकू नका हं, त्याने कॅलरीबरोबर प्रोटीन आणि व्हिटॅमिनही निम्मी होतात आणि चरबीसोबत स्नायूही उतरतात. वजन कमी करायचं वेगळं फूड मिळतं, त्यात प्रोटीन आणि फायबर जास्त असतं, ते आठवडाभरात हळूहळू मिसळत बदला. घरचं शिजवून देत असाल तर प्रमाण व्हेटकडूनच ठरवून घ्या.

आमच्याकडे खरा फरक पडला तो एका स्टीलच्या डब्याने. सकाळी त्यात दिवसभराचा खाऊ काढून ठेवायचा, काकडी, उकडलेली फरसबी, दोन-चार चिकनचे तुकडे, ज्याला लाड करायचेत त्याने त्यातूनच द्यायचं, डबा रिकामा झाला की दुकान बंद. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका चुकूनही नको, विषारी असतात.

तो भीक मागणारच, लॅब आहे. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना सापडलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये भुकेशी संबंधित जीनमध्येच बिघाड असतो, तेव्हा डोळ्यांकडे बघून विरघळू नका. तेच जेवण तीन वेळांत वाटून दिलं की जरा शांत राहतो.

चालणं हळूहळू वाढवा, उन्हाळ्यात सकाळी लवकरच, जाड कुत्र्याला ऊन पटकन बाधतं.

दर आठवड्याला, निदान पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर वजन करा. आठवड्याला एक ते दोन टक्के उतरलं की बरोबर, 38 किलोला म्हणजे 380 ते 760 ग्रॅम. त्याहून भराभर उतरलं तर खाणं थोडं वाढवा, दोन-तीन आठवडे काटा हललाच नाही तर आधी घरच्यांची झडती, मग दहा टक्के कमी करा, त्याहून खाली व्हेटला विचारल्याशिवाय नको.

बंड्या तीन महिन्यांत 33.4 वर आलाय. बाबा अजूनही टेबलाखालून देतात, पण आता काकडी. चहात बुडवून.