स्ट्रॉबेरीतली फळकूज: औषधाची वेळ फुलोऱ्यातच

महाबळेश्वर, पाचगणी, भिलार भागात डिसेंबर-जानेवारीत दव उशिरापर्यंत पानांवर राहतं. १५ ते २२ अंश तापमान आणि रात्रभर ओली पानं, एवढं फळकूज आणणाऱ्या करड्या बुरशीला पुरतं. फळाच्या देठाजवळ तपकिरी, मऊ डाग पडतो, त्यावर राखाडी लव चढते आणि फळ हलवलं की भुकटी उडते. ते बीजाणू. या अवस्थेत धावपळ करून मारलेलं औषध बहुतेक वाया जातं, कारण बुरशी फुलोऱ्यातच आत शिरलेली असते. हिरव्या फळात ती गप्प राहते, फळ पिकू लागलं की डोकं वर काढते.

म्हणून फवारणी करायचीच तर फुलं उमलताना करा. लेबलवर स्ट्रॉबेरी आणि हाच रोग लिहिलाय का ते बघा. एकाच गटातलं, म्हणजे एकाच पद्धतीने काम करणारं बुरशीनाशक पाठोपाठ नको, ही बुरशी औषधाला फार लवकर सरावते. तोडणी दर दोन-तीन दिवसांनी असते, त्यामुळे काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस, पाळला नाही तर औषधाचा अंश थेट पनेटमध्ये, म्हणजे विक्रीच्या डबीत जातो. फवारणी संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर.

निम्मं काम मात्र हातानेच होतं. गादीवाफ्यावरची वाळकी पानं आणि जुने देठ काढून टाका, बुरशी त्यांच्यावरच तग धरते. सडक्या फळांना वेगळी बादली आणि जमलं तर वेगळा माणूस ठेवा. ती बादली बांधावर ओतायची नाही, लांब खड्ड्यात पुरायची. तोडणी दव वाळल्यावर. गाडी गाठायची घाई कळते, पण ओलं भरलेलं फळ मुंबईपर्यंत धड पोचत नाही. पाणी ठिबकनेच द्या. नत्राचा हात आखडता घ्या. पानांची दाटी झाली की आत वारा खेळत नाही आणि फळही मऊ पडतं.

पानांच्या कडा वर वळल्या, खाली पांढुरकी पूड दिसली तर ती भुरी, हा वेगळा बुरशीरोग. तिला पानं ओली असावी लागत नाहीत, त्यामुळे कोरड्या हवेतही ती वाढते. गंधक चालतं, पण भर उन्हात मारू नका, पानं करपतात.

एखादं रोप अचानक मान टाकत असेल तर उपटून बुडखा उभा चिरा. आत लालसर-तपकिरी रेघा दिसल्या तर बुडखाकूज आहे. ती बहुधा रोपांबरोबरच येते. असं रोप मुळासकट बाहेर काढा आणि त्या जागी लगेच दुसरं लावू नका.