पावसाळी पाण्याचे नियम करताना या चुका टाळा

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरानंतर पुण्यात नालेसफाईची आणि वाहून गेलेल्या सीमाभिंतींची पुष्कळ चर्चा झाली. मात्र ओढ्याच्या वरच्या अंगाला बांधकामांना परवानगी देताना पावसाच्या पाण्याबाबत कोणती अट घातली होती, हा प्रश्न मागेच राहिला. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली असून तेथील माळराने आणि शेते आता वेगाने काँक्रीटखाली जात आहेत. अशा भागासाठी अटी लिहिणाऱ्या अभियंत्यांना आणि त्यांवर हरकती-सूचना नोंदवणाऱ्या नागरिकांना पुढील चुका उपयोगी पडाव्यात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘पुरेशा व्यासाची पावसाळी वाहिनी टाकावी’ एवढ्यावर नियम संपवणे. एक हेक्टर मोकळ्या जमिनीवर तासाला ६० मिलिमीटर वेगाने पाऊस पडत असताना अपवाह गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा वाटा) ०.३ धरला, तर सेकंदाला सुमारे ५० लिटर पाणी बाहेर पडते; त्याच जमिनीवर इमारती, फरशी आणि डांबर आले आणि गुणांक ०.९ झाला, की तेच पाणी १५० लिटर होते. मोठी वाहिनी हे तिप्पट पाणी कमी करत नाही, ते फक्त खालच्या वस्तीच्या दारात लवकर पोहोचवते. म्हणून अट वाहिनीच्या मापाची नसावी, तर प्लॉटबाहेर पडणाऱ्या प्रवाहाची असावी: बांधकामानंतरचा कमाल प्रवाह बांधकामापूर्वीच्या प्रवाहापेक्षा अधिक नसावा आणि जादा पाणी आवारातच तात्पुरते थोपवून निचऱ्याच्या लहान छिद्रातून सावकाश सोडावे. ‘बांधकामापूर्वी’ म्हणजे मूळ शेत की भराव टाकून सपाट केलेला प्लॉट, हेही नियमातच स्पष्ट लिहावे. पळवाट नेमकी येथेच निघते.

दुसरी चूक जरा फसवी आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर पर्जन्यजल संधारण करावे लागते, आणि ते केले म्हणजे पुराचाही बंदोबस्त झाला असे गृहीत धरले जाते. वापरासाठी पाणी साठवणारी टाकी भरलेली असली तरच उपयोगाची, तर पूर थोपवणारी टाकी रिकामी असली तरच. जुलैअखेरीस काठोकाठ भरलेली टाकी पुढच्या सरीचा एक थेंबही अडवू शकत नाही, त्यामुळे दोन्ही क्षमता स्वतंत्रपणे मोजाव्यात. शोषखड्ड्यांचेही तसेच आहे. पुण्याखाली बेसाल्ट म्हणजे काळा कातळ आहे. भेगा आणि झिजलेला थर असेल तेथे पाणी मुरते, अखंड कातळ लागला की खड्डा भरून वाहू लागतो. जागेवर पाणी मुरण्याची चाचणी न घेता शोषखड्डा हिशेबात धरू नये.

तिसरी चूक पाणथळ जागांबाबतची आहे. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ जागा नियमांतून नदीपात्रे, भातशेती, तसेच पिण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत. त्यामुळे केवळ त्या व्याख्येवर विसंबणाऱ्या स्थानिक नियमातून शहराच्या उपयोगाची अनेक तळी आणि दलदली निसटतात. त्या नकाशावर दाखवून नावानिशी लिहाव्या लागतात. (सारसबागेतल्या गणपतीला पुणेकर आजही तळ्यातला गणपती म्हणतात, भोवतालचे मोठे तळे मात्र बुजवून बाग झाली आहे.) उरलेल्या पाणथळीला फुकटची साठवण टाकी मानणे तितकेच घातक ठरते. पाण्याची पातळी वारंवार आणि झपाट्याने वर-खाली झाली, तर काठावरची वनस्पती कुजते आणि तेथे घरटी करणारे पक्षी जागा सोडतात. उलट सगळे पाणी वाहिनीने वळवले, तर पाणथळ सुकते. त्यामुळे पाणथळीत येणाऱ्या प्रवाहाला कमाल आणि किमान अशा दोन्ही मर्यादा घालाव्या लागतात. गाळ अडवणारा कप्पा पाणथळीच्या आधी, प्लॉटच्या आवारातच हवा. पाषाण तलावावर पसरणारी जलपर्णी पाहिली, की तलावाला मिळणाऱ्या रामनदीतून सांडपाणी आत आल्यावर काय होते हे वेगळे सांगावे लागत नाही.

पूररेषेवर सगळा भार टाकू नये. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते. त्या रेषा बांधकाम कोठे करू नये हे सांगतात, रेषेबाहेरच्या प्लॉटने आपले पाणी किती सोडावे हे सांगत नाहीत.

नियम असूनही रस्ता तुंबत असेल, तर मोठा पाऊस थांबल्यावर २४ तासांनी संकुलातील पूर थोपवणारी टाकी उघडून पाहावी. ती भरलेलीच असेल, तर छिद्र गाळाने बुजलेले असते किंवा पंप बंद असतो. पाऊस चालू असतानाही ती कोरडीच राहत असेल, तर गच्चीचे पन्हाळे थेट गटाराला जोडलेले असतात. कित्येक सोसायट्यांच्या समितीला अशी टाकी आपल्या आवारात आहे हेच ठाऊक नसते. भोगवटा पत्र (इमारत वापरण्याची परवानगी) देताना तिचा नकाशा समितीच्या हाती द्यावा आणि दरवर्षी मे महिन्यात टाकी साफ केल्याचा दाखला मागावा, ही अट मूळ परवानगीतच घालता येते.