अल्बम नव्हे, प्रेसिंग निवडा : रॉक, जॅझ आणि रेगेच्या एलपींचा संग्रह

रेकॉर्डचा संग्रह सुरू करताना बहुतेक जण आवडत्या कलाकारांची आणि अल्बमांची यादी करतात. यादी हवीच, परंतु प्रत्यक्ष तबकडी हातात आल्यावर ती पुरी पडत नाही. गाजलेल्या अल्बमची गेल्या पन्नास-साठ वर्षांत अनेक प्रेसिंग, म्हणजे वेळोवेळी छापलेल्या आवृत्त्या, निघालेली असतात. ती वेगवेगळ्या देशांतल्या कारखान्यांत, कधी मूळ टेपवरून, तर कधी तिच्या नकलेवरून तयार झालेली असतात, आणि त्यांच्या आवाजात पडणारा फरक महागडा ॲम्प्लिफायर आणूनही भरून निघत नाही. म्हणून अल्बमचे नाव ठरवून झाले, की त्याचे नेमके कोणते प्रेसिंग घ्यायचे, हे ठरवायला शिकावे.

त्यासाठी रेकॉर्ड कशी तयार होते, हे थोडक्यात माहीत असले पाहिजे. मास्टरिंग करणारा अभियंता टेपवरचे संगीत लॅकर चढवलेल्या चकतीवर कोरतो; या चकतीलाच ‘लॅकर’ म्हणतात. त्या चकतीवरून धातूचा साचा, त्यावरून ‘मदर’ आणि मदरवरून ‘स्टॅम्पर’ बनतो, आणि स्टॅम्परच्या दाबाखाली तापवलेल्या विनाइलची तबकडी तयार होते. या प्रवासाच्या खुणा शेवटच्या गाण्याची खाच संपते तिथपासून लेबलाच्या कडेपर्यंतच्या गुळगुळीत पट्टीवर राहतात. या पट्टीला ‘डेड वॅक्स’ म्हणतात. तबकडी दिव्याखाली थोडी तिरपी धरली, की तिथे कोरलेली किंवा ठशाने उमटवलेली अक्षरे दिसू लागतात. कव्हर आणि तबकडी यांची अदलाबदल होऊ शकते, लेबलही पुढच्या काळात जुन्यासारखे छापता येते. परंतु डेड वॅक्सवरचा मजकूर थेट साच्यातून आलेला असतो, म्हणून सर्वांत जास्त भरवसा त्याच्यावर ठेवावा.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. साठ-सत्तरच्या दशकातली ब्रिटनच्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीची तबकडी लेबल सरळ ठेवून धरली, तर खाली, घड्याळात सहा असतात त्या जागी मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या बाजूचा ओळख क्रमांक, असतो आणि त्याच्या शेवटचा आकडा तो लॅकर कितव्यांदा कोरला हे सांगतो. डावीकडे नऊच्या जागी मदरचा क्रमांक असतो. उजवीकडे तीनच्या जागी स्टॅम्परची अक्षरे असतात आणि ती सांकेतिक असतात : जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी या अक्षरांना अनुक्रमे १ ते ९ आणि डी या अक्षराला ० समजायचे. म्हणजे मदर १ आणि स्टॅम्पर ‘जी’ असेल, तर ती तबकडी त्या लॅकरपासून निघालेल्या अगदी पहिल्या तबकड्यांपैकी असते, आणि ‘आरए’ असेल तर स्टॅम्पर तेविसावा असतो. पिंक फ्लॉइडच्या १९७३ सालच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची ब्रिटिश प्रत घेताना या अक्षरांबरोबर लेबलावरचा त्रिकोणही पाहावा. अगदी सुरुवातीच्या प्रतींवर तो पूर्ण निळ्या रंगाने भरलेला असतो, नंतरच्या प्रतींवर त्याची केवळ बाह्यरेषा राहते. या अल्बमसोबत पोस्टर आणि स्टिकर येत असत. ते सगळे आत आहेत का, याचीही खात्री करावी.

क्लासिक रॉकचे अल्बम लाखोंनी विकले गेले, त्यामुळे ते मिळवणे अवघड नाही. अवघड आहे ती न झिजलेली प्रत मिळवणे. मेजवान्यांमध्ये, जड सुईच्या स्वस्त प्लेअरवर वाजलेल्या तबकड्या बाहेरून चकचकीत दिसतात, पण वाजवल्यावर फाटका आवाज देतात. रॉकमध्ये मास्टरिंग करणाऱ्याचे नावही फार महत्त्वाचे ठरते. लेड झेपेलिनच्या १९६९ सालच्या दुसऱ्या अल्बमचे अमेरिकेतले पहिले लॅकर रॉबर्ट लडविग यांनी इतक्या जोरकसपणे कोरले होते, की काही प्लेअरवर सुई उडू लागली आणि कंपनीने लवकरच सौम्य लॅकर कोरून घेतले. डेड वॅक्समध्ये ‘आरएल’ ही आद्याक्षरे असलेली ती पहिली प्रत आज संग्राहकांना हवीहवीशी वाटते आणि ती ऐकल्यावर त्यामागचे कारण लगेच उमगते. ब्रिटिश तबकड्यांवर जॉर्ज पेकम यांची ‘पोर्की’ ही खूण आढळली, तर तीही चांगल्या कामाची ग्वाही समजायला हरकत नाही.

जॅझमध्ये प्रश्न वेगळा आहे. पन्नास-साठच्या दशकांतली मूळ प्रेसिंग मुळातच कमी निघाली आणि आज त्यांच्या किमती बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहेत. इथे थोडा अभ्यास पैसे वाचवतो. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांचे अभियंते रूडी व्हॅन गेल्डर लॅकरही स्वतःच कोरत असत आणि त्यावर ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ अशी खूण करत असत. १९६६ पर्यंत ब्लू नोटच्या तबकड्या प्लॅस्टिलाइट या कारखान्यात बनत. त्या कारखान्याची, वळणदार पी या अक्षराची खूण कानासारखी दिसते, म्हणून संग्राहक तिला ‘कान’च म्हणतात. लिबर्टी कंपनीने ब्लू नोट विकत घेतल्यानंतरच्या प्रतींवर हा कान नसतो, परंतु त्यांतल्या बऱ्याच प्रती व्हॅन गेल्डर यांनी कोरलेल्या लॅकरच्या जुन्या धातूच्या साच्यांवरूनच काढलेल्या आहेत. कान नाही पण व्हॅन गेल्डर यांची खूण आहे, अशी प्रत समोर आली तर माझ्या मते ती अवश्य घ्यावी. मूळ आवाजाच्या अगदी जवळचा आवाज तिच्यात बराच स्वस्तात मिळतो.

पहिले प्रेसिंग हेच सर्वश्रेष्ठ असते, असे मात्र समजू नये. माइल्स डेव्हिसच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’च्या ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या सत्रात मुख्य टेप यंत्र किंचित हळू चालत होते, त्यामुळे त्यावरून कोरलेली पहिली बाजू थोड्या जलद गतीने आणि चढ्या स्वरात वाजते. कोलंबिया कंपनीच्या ‘सहा डोळ्यां’च्या, म्हणजे डोळ्यासारखी सहा चिन्हे असलेल्या, लेबलाची मूळ प्रत कितीही देखणी असली, तरी तिच्यात हा दोष आहेच. सुरक्षित राहिलेल्या दुसऱ्या टेपवरून तो दूर झाला नव्वदच्या दशकातल्या पुनर्प्रकाशनांत. ज्यांना त्या वादकांचे सूर जसे लागले होते तसेच ऐकायचे आहेत, त्यांनी त्यानंतरचे चांगले पुनर्प्रकाशन घ्यावे.

रेगेचा संग्रह करताना रॉक आणि जॅझचे निकष बरेचसे बाजूला ठेवावे लागतात. जमैकात या संगीताचे मुख्य माध्यम एलपी नव्हते. ते होते मोठ्या भोकाची सात इंची ४५ आरपीएम सिंगल, जिच्या एका बाजूला गाणे आणि दुसऱ्या बाजूला त्याचेच गायन वगळलेले ‘व्हर्शन’ असे. किंग टबी यांच्यासारख्या ध्वनी अभियंत्यांच्या हातून याच दुसऱ्या बाजूवर डब ही, मूळ ध्वनिमुद्रणाची फेरमांडणी करणारी शैली घडली. पुष्कळशा रेगे एलपी म्हणजे आधी निघालेल्या सिंगलचे संकलन असतात, त्यामुळे केवळ एलपी जमवणाऱ्याच्या हातून या संगीताचा फार मोठा भाग निसटतो. जमैकन प्रेसिंग अनेकदा खरखरीत असतात, लेबल कोरे किंवा चुकीचे असते आणि भोक मध्यापासून सरकलेले असते. भोक सरकलेले असल्याची खूण सोपी आहे : वाजताना टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, डावी-उजवीकडे झुलतो आणि ऑर्गनचा किंवा ट्रॉम्बोनचा लांब सूर थरथरतो. थोडे झुलणे सोसावे, परंतु सूर कानाला खुपत असेल तर प्रत सोडून द्यावी. पृष्ठभागाची खरखर मात्र मनाला लावून घेऊ नये, कारण तिच्याखालचा बास पुष्कळदा ब्रिटिश प्रतीपेक्षा अधिक जिवंत असतो.

एकाच अल्बमची दोन रूपे असू शकतात, हेही रेगेमध्ये विशेष ध्यानात ठेवावे. बॉब मार्लीच्या द वेलर्स या गटाच्या ‘कॅच अ फायर’ची ध्वनिमुद्रणे जमैकात झाली, परंतु १९७३ मध्ये आयलंड या कंपनीने अल्बम काढला तो लंडनमध्ये गिटार आणि कीबोर्डची भर घालून, मूळ जमैकन रूप अधिकृतपणे बाहेर आले थेट २००१ मध्ये. लायटरसारख्या उघडणाऱ्या कव्हरची पहिली प्रत संग्राह्य आहे, यात शंका नाही. पण संगीत समजून घ्यायचे असेल तर दोन्ही रूपे ऐकावीत. मूळ प्रती न परवडणाऱ्यांसाठी १९९३ साली मँचेस्टरमध्ये सुरू झालेल्या ब्लड अँड फायर या लेबलाने सत्तरच्या दशकातल्या डबची फार आस्थेने केलेली पुनर्प्रकाशने उपलब्ध आहेत.

प्रत तपासताना एकच प्रखर दिवा वापरावा आणि तबकडी कडेने धरून सावकाश फिरवावी. नखाला न जाणवणारे केसासारखे ओरखडे सहसा ऐकू येत नाहीत, परंतु नखाला अडखळणारा ओरखडा दर फेरीला टक् असा आवाज करतोच. डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरली, की बाक आलेला असल्यास दिसतो. खाचांना राखाडी झाक असेल किंवा भोकाभोवती लेबलावर प्लेअरच्या मधल्या सुळ्याने पडलेल्या रेघांचे जाळे असेल, तर तबकडी खूप वाजलेली आहे. वाजवून पाहण्याची सोय असेल तर बाजूचे शेवटचे गाणे ऐकावे, कारण मध्याजवळ सुईखालून खाच सरकण्याचा वेग सर्वांत कमी असतो आणि झीज तिथे आधी कळते. विक्रेत्याने लिहिलेला ‘व्हीजी प्लस’ (व्हेरी गुड प्लस) किंवा ‘निअर मिंट’ (जवळपास नवी) हा दर्जा नुसता पाहून दिलेला आहे की ऐकून, हे विचारून घ्यावे. नव्या पुनर्प्रकाशनांवर ठळकपणे लिहिलेल्या १८० ग्रॅम वजनाने फसू नये; वजनाने आवाज सुधारत नाही, म्हणून कोणत्या टेपवरून आणि कोणी मास्टरिंग केले, हे शोधावे.

आणलेली रेकॉर्ड धुतल्याशिवाय सुईखाली ठेवू नये. डिस्टिल्ड पाणी, अगदी थोडे सौम्य द्रावण आणि मऊ ब्रश एवढे पुरते, मात्र लेबल भिजू देऊ नये. स्पिरिटयुक्त द्रावण ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्यांना कधीही लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. सुईचा भार कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या भागाच्या, उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेतच ठेवावा. भीतीपोटी तो कमी केला तर सुई खाचेत आदळत राहते आणि नुकसान उलट वाढते.

आतले कागदी पाकीट बदलून पॉलिथिनचे घालावे. पीव्हीसीची बाहेरची पाकिटे टाळावीत, कारण कालांतराने त्यांच्यामुळे तबकडीवर न निघणारे धुरकट डाग पडतात. रेकॉर्ड उभ्या, सरळ आणि उन्हापासून दूर ठेवाव्यात. शंभर एलपींचे वजन पंचवीस किलोंच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक भरते, तेव्हा फळी त्या हिशेबाने घ्यावी. प्रत्येक कव्हरमध्ये मॅट्रिक्स क्रमांक, देश आणि दर्जा लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि हीच नोंद एका वहीत किंवा संगणकावरही करावी, म्हणजे अधिक चांगली प्रत समोर आल्यावर आपल्याकडची कोणती आहे, हे जागच्या जागी पडताळता येते.