शौर्यपदकाचं सायटेशन कसं वाचावं

मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्करातल्या इंजिनिअरांच्या दलाचा. खडकीला ट्रेनिंग झालं, सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो. २६ जानेवारी जवळ आली की शाळांतून बोलावणं येतं. घोषणा होतात, मुलं खाऊ घेऊन घरी जातात. घोषणांना माझी ना नाही. पण जवानाचं कौतुक करायचं तर त्यानं नेमकं काय केलं ते ठाऊक नको का? ते पदकाच्या सायटेशनमध्ये, म्हणजे पदकासोबतच्या मानपत्रात, लिहिलेलं असतं.

आधी एकच नाव निवडा. परमवीर चक्र आजवर २१ जणांना मिळालं, त्यांतल्या १४ जणांना मरणोत्तर. ती नावं बऱ्याच जणांना पाठ असतात. महावीर चक्र, वीर चक्र, शिवाय रणांगणाबाहेरच्या शौर्यासाठीची अशोक, कीर्ती, शौर्य चक्रं यांतही शोधा. शौर्य पुरस्कारांच्या सरकारी संकेतस्थळावर सायटेशन वाचायला मिळतात. आपल्या जिल्ह्यातलं नाव सापडलं तर उत्तम.

आता पेन्सिल घ्या. ‘अतुलनीय’, ‘अदम्य’ वगैरे विशेषणं खुशाल खोडा. ती सगळ्यांच्याच कागदावर असतात. वेळ, अंतर आणि क्रियापदं यांच्याखाली रेघ मारा.

आमच्या सॅपर्सचे, परमवीर चक्र मिळालेले सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे घ्या. एप्रिल १९४८, जम्मू-काश्मीरमधला नौशेरा-राजौरी रस्ता. रणगाडे पुढे न्यायचे होते आणि शत्रूनं रस्ताभर सुरुंग पेरून अडथळे घातले होते. ८ तारखेला तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले दोघे गेले, पाच जखमी झाले. जखमींत राणेसाहेब स्वतः होते. आणि १० तारखेला पहाटे पावणेपाचला, मशीनगन चालू असताना, ते पुन्हा कामावर! त्या दिवशी अन्न-विश्रांतीशिवाय रात्री ९ पर्यंत. जखमेची वेळ सायटेशनमध्ये शोधा आणि जखम आणि ही पहाट, या दोन्हींमध्ये किती तास गेले ते वहीत मांडून पाहा. मुलांना हे गणित घालतो तेव्हा वर्ग आपोआप गप्प होतो.

क्रियापदं बघा: काढले, उडवला, खुला केला. सुरुंग शोधताना माणूस पोटावर असतो, संगीन तिरकी धरून बोट-बोट जमीन चाचपतो. गोळ्या येत असल्या तरी उलट झाडायला हात मोकळा नसतो. सिनेमातलं शौर्य डोक्यात ठेवून हा कागद वाचलात तर हाती काही लागणार नाही.

मग नकाशा उघडा, गाव शोधा, उंची आणि महिना बघा. ‘दोघे गेले’ अशी ओळ आली की तिथं थांबा. त्यांना बहुतेकदा पदक नसतं, सायटेशनही नसतं.

माजी सैनिक भेटला तर “किती मारले?” हे विचारू नका. आमच्यातला कुणी त्याचं उत्तर देत नाही. “कुठल्या पलटणीत होतात? सोबतीला कोण होतं?” असं विचारा आणि चहा मागवा, वेळ लागेल.

७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीला पैसे द्याच. ते वीरपत्नी, जखमी जवान आणि माजी सैनिकांसाठी वापरले जातात. सरकारी कागदपत्रांत तुमचा हात बसलेला असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन कुणाला अर्ज भरायला मदत हवी आहे का ते विचारा. पेन्शनच्या एका अर्जात सगळी दुपार जाते.