नागपुरात राहून डॉल्फिन ओळखायला शिकताना

झूलॉजीच्या ज्युनिअर पोरी विचारून राहिल्या की ताई, इथे समुद्र नाही तर डॉल्फिनची जात ओळखायला शिकायचं कसं, तर निम्मं काम नागपुरातच होतं, खरंच सांगते.

पहिल्यांदा मालवणला गेले तेव्हा डोक्यात बॉटलनोज डॉल्फिनच होता, टीव्हीवर लहानपणापासून तोच पाहिलेला. करडी पाठ वर आली, दोन सेकंदात गेली, मी वहीत बॉटलनोज लिहून मोकळी. रात्री फोटो मोठा करून पाहिला तर पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा लांबट उंचवटा आणि त्याच्यावर छोटा तिकोनी पर, म्हणजे हम्पबॅक डॉल्फिन! त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी बाजूला ठेवाव्या लागल्या, खूप वाईट वाटलं.

तेव्हापासून आधी काय दिसलं ते लिहिते, नाव शेवटी. हम्पबॅक श्वास घ्यायला येतो तेव्हा बरेचदा लांब चोच आधी बाहेर येते, मग वशिंड, खोल जाताना कधी शेपूट. बॉटलनोजची चोच आखूड, पर उंच आणि मागे वळलेला, वशिंड नाही. पाठ दिसली पण परच नाही, डोकं गोल, चोच नाही, तर तो डॉल्फिन नव्हे, फिनलेस पॉरपॉइज, डॉल्फिनचाच नातेवाईक, आपल्या किनाऱ्याला तोही आहे. हवेत गिरक्या घेणारा स्पिनर डॉल्फिन बहुतेक खोल पाण्यातला, त्यामुळे कोकणात किनाऱ्यालगत उथळ पाण्यात आधी हम्पबॅकच तपासा. रंगावर जाऊ नका, ढग आले की सगळेच करडे दिसतात.

आणि हो, जुन्या पुस्तकात आपला हम्पबॅक सूसा चायनेन्सिस या शास्त्रीय नावानं सापडेल, 2014 पासून तो सूसा प्लंबिया म्हणून वेगळा धरतात, आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत संकटग्रस्त आहे, म्हणून तर नोंद चुकली की मला इतकं लागतं.

आता नागपूरचं काम. सकाळी अंबाझरी तलावावर जा, पाणकावळा बुडी मारतो तो कुठे वर येईल ते बघत राहा, आला की बर्स्ट मोडवर एकापाठोपाठ फोटो, आणि कॅमेऱ्यात न बघता आधी वहीत चित्र काढा, चोच कशी, पाठ किती वर. महिनाभर हे केलं तर बोटीत डोळा आपोआप पराकडे जातो.

बोटीवर एकच, पाठलाग नको. पिल्लू आईला चिकटून पोहत असेल तर बोटवाल्या दादांना सांगा इंजिन हळू करा, लांबच थांबा, जनावर थोड्या वेळानं पुन्हा वर येतंच, तेवढ्यात कॅमेरा तयार ठेवा.