पहिली एअरगन कुठली घ्यायची: स्प्रिंग, सीओटू का पीसीपी?
तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि 2024 ला पॅरिसमधनं ब्राँझ आणलेला स्वप्नील कुसाळे, यांच्यामुळं कोल्हापुरात जो तो नेमबाजीच्या नादाला लागलाय, तर भावांनो पहिली गन स्प्रिंगवालीच घ्या असं माझं मत. बॅरल खाली ओढून आतली स्प्रिंग दाबायची, छर्रा घालायचा, मारायचं, ना सिलेंडर ना पंप. झटका पुढं-मागं दोन्हीकडं बसतो म्हणून आवळून धरू नका, तळव्यावर नुसती टेकवा, आणि छर्रा न घालता चालवू नका, पिस्टन आदळून सील जातंय. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसच्या छोट्या बाटलीवर चालणारी, मला नाही आवडत, 12 ग्रॅमची बाटली लगेच संपते आणि भराभर मारलं की गॅस थंड पडून प्रेशर उतरतंय. 10 मीटरची मॅच खेळायची तर मात्र पीसीपीच, म्हणजे गनच्या सिलेंडरमध्ये आधीच दाबानं हवा भरून ठेवायची, झटका जवळजवळ नाहीच. फक्त हातपंपानं भरणार असाल तर आपल्या पावसाळ्यात जपून, दमट हवेतलं पाणी सिलेंडरमध्ये जाऊन आतनं गंज धरतो, म्हणून मधेमधे थांबा, पंप गार होऊ द्या, ब्लीड स्क्रू उघडून पाणी काढा. आणि कुणी कितीही सांगू दे, ऑक्सिजनच्या सिलेंडरनं भरायचं नाही, स्फोट होऊ शकतो.