डीव्हीची फाईल आणि कस्टडीची फाईल एकमेकींना भेटवायची कशी

हे लिहितेय ते गोव्यात नव्याने काम करणाऱ्या वकील, कौन्सेलर, मेडिएटर आणि प्रोटेक्शन ऑफिसर मंडळींसाठी. बाईची डीव्ही म्हणजे घरगुती हिंसाचाराची केस जेएमएफसीपुढे (प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटपुढे) चालू असते, घटस्फोट आणि मुलाचा ताबा दुसऱ्या कोर्टात, तिथे जज दुसरा, तारीख दुसरी, कधीकधी वकीलसुद्धा दुसरा, आणि मूल कुणाकडे राहणार हे ज्याने ठरवायचं त्याच्या समोरच्या फाईलमध्ये मारहाणीचा एक शब्द नसतो. कोर्टाला समोर जे कागद येतात तेवढंच दिसतं. ते कागद नेऊन द्यायचं काम आपलं आहे.

एक प्रसंग सांगते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचा शनिवार, कोर्टाचा व्हरांडा, सात वर्षांचा मुलगा, पाठीला दप्तर आणि दोन्ही हातांनी दप्तराचे पट्टे घट्ट धरलेले. एका कोर्टाची ऑर्डर होती की बापाने आईच्या जवळ फिरकायचं नाही. दुसऱ्या कोर्टाची ऑर्डर होती की आईने स्वतः हजर राहून मुलाला बापाच्या ताब्यात द्यायचं. दोन्ही ऑर्डरी त्या आईच्या पर्समध्ये एकाच प्लास्टिकच्या पिशवीत होत्या. एक पाळली की दुसरी मोडते. ती मला विचारत होती, मॅडम मी आता कुठे उभी राहू?

म्हणून पहिल्या भेटीतच एक पान घ्या आणि लिहा: कुठल्या कोर्टात काय चालू आहे, केस नंबर, पुढची तारीख, आजवर कुठली ऑर्डर झाली. हे पान दोन्ही फाईलींना लावायचं. डीव्ही कायद्याच्या कलम २६ मध्ये सोय आहे की १८ ते २२ मधले रिलीफ म्हणजे संरक्षण, घर, पैसे, ताबा, भरपाई हे चालू असलेल्या दिवाणी किंवा फॅमिली कोर्टातल्या केसमध्येही मागता येतात, आणि तिकडे काही मिळालं असेल तर ते मॅजिस्ट्रेटला कळवणं बाईवर बंधनकारक आहे. जीवाला धोका असेल तेव्हा मात्र मी सरळ मॅजिस्ट्रेटकडेच जाते, कारण तिथे कलम २३ खाली एकतर्फी अंतरिम ऑर्डर मागता येते आणि पहिली तारीख साधारण ३ दिवसांत देण्याचं कायदाच सांगतो. ऑर्डरची कॉपी कलम २४ प्रमाणे फुकट मिळते, ती घ्या आणि त्याच आठवड्यात कस्टडीच्या फाईलमध्ये दाखल करा. पुढच्या तारखेला बघू म्हणू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लिहायचं कसं. डीआयआर (प्रोटेक्शन ऑफिसरने भरायचा घरगुती हिंसाचाराचा अहवाल) असो की अर्ज, "नवरा सतत शारीरिक व मानसिक त्रास देतो" एवढंच लिहिलेलं मी शेकड्याने वाचलंय आणि त्यातून कुठल्याच जजला काही दिसत नाही. काय केलं, कुठल्या खोलीत, कशाने, कुणी ऐकलं, आणि प्रत्येक वेळी मूल कुठे होतं ते लिहा. शेवटचा प्रश्न आपण विचारतच नाही आणि कस्टडीत तोच लागतो. बायका म्हणतात तारीख आठवत नाही. तारीख विचारूच नका, चवथ आधी की नंतर, शिगम्यात की गावच्या जत्रेला, शाळा सुरू झाली होती का, असं विचारा आणि मग कॅलेंडर काढून दोघी मिळून तारीख शोधा, बहुतेक वेळा सापडते. एटीएम कार्ड कुणाकडे असतं, फोन कोण तपासतं, माहेरी जायला कुणाला विचारावं लागतं हेही लिहा, आर्थिक छळ या कायद्यात स्पष्टपणे धरलेला आहे. आणि गळा कधी दाबला का, हे सरळ शब्दांत विचारा. बायका ते आपणहून सांगत नाहीत, कारण अंगावर खूण राहतेच असं नाही. पण ही जीवाच्या धोक्याची मोठी खूण आहे, हो म्हणाली तर त्याच दिवशी डॉक्टर आणि सेफ्टी प्लॅन.

व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट कापून देऊ नका, नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, मूळ फोन जपून ठेवायचा आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) सर्टिफिकेट सोबत लावायचं.

घराचं गोव्यात वेगळंच असतं. घर सासऱ्याच्या नावावर, नाहीतर मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं), आणि सासरचे म्हणतात तुझा काय संबंध. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा केसमध्ये सांगितलंय की घर सासरच्या नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी ते शेअर्ड हाउसहोल्ड, म्हणजे बाईला राहण्याचा हक्क मागता येतो असं सामाईक राहतं घर, असू शकतं. शिवाय आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता सहसा दोघांची सामाईक धरतात, त्यामुळे लग्नाचं सिव्हिल सर्टिफिकेट आधी काढा आणि घर विकायला मनाई कलम १९ खाली मागा. नवरा तारवटी (जहाजावर नोकरीला) असेल तर रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्याच निकालाप्रमाणे उत्पन्न-मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट मागा, जहाजाच्या कॉन्ट्रॅक्टसकट. मेन्टेनन्स (पोटगी) अर्जाच्या तारखेपासून मिळतो हेही त्यातच आहे.

मेडिएटर आणि कौन्सेलरना हात जोडून एक विनंती. दोघांना एका बाकावर बसवून "काय ते बोला" म्हणू नका. तो बाजूला बसला की ती गप्प होते आणि आपल्या रिपोर्टमध्ये तिची संमती म्हणून नोंद होते. आधी वेगवेगळं भेटा, तिला आधी घरी जाऊ द्या, त्याला अर्ध्या तासाने सोडा. डीव्ही नियमांमधला नियम १४ तर म्हणतो की समुपदेशनात मारहाणीचं समर्थन त्याला करूच द्यायचं नाही. "तिने उलट उत्तर दिलं म्हणून" हे वाक्य तिथेच थांबवायचं.

फी परवडत नाही म्हणून कुणी अडत असेल तर लीगल सर्व्हिसेस ऑथॉरिटीकडे (मोफत कायदा मदत देणाऱ्या सरकारी संस्थेकडे) पाठवा, बाईला उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो. तातडीला महिला हेल्पलाइन १८१ आणि आणीबाणीचा नंबर ११२.

व्हिजिटेशनची ऑर्डर मागताना बारीकसारीक सगळं मागा: कुठे, किती वाजता, मूल कोण आणणार, कोण नेणार, मध्ये फोन कुणी कुणाला करायचा, चवथीला दीड दिवस कुणाकडे, आणि बाप परदेशी नोकरीला किंवा पोर्तुगीज पासपोर्टवाला असेल तर मुलाचा पासपोर्ट कुणाकडे राहणार. भेटीनेच मुलाला इजा होईल असं असेल तर कलम २१ खाली मॅजिस्ट्रेट भेट नाकारू शकतो, ते मागायला कचरू नका.

त्या आईसाठी आम्ही दीड पानाचा अर्ज केला, दोन्ही ऑर्डरी शेजारी शेजारी जोडल्या आणि कुठली ओळ कुठल्या ओळीला आडवी येते ते पेन्सिलने अधोरेखित केलं. जजनी दोन्ही वाचल्या आणि त्याच दिवशी बदल केला. आता मुलाला त्याचे आजोबा आणतात, आई कोर्टाच्या आवारात येतच नाही. नव्या ऑर्डरची एक कॉपी शाळेत हेडमास्तरांकडे दिली, एक पोलीस स्टेशनला, दोन्हीकडून पोचल्याचा शिक्का घेऊन, आणि तिसरी आजोबांच्या खिशात.